प्रत आणि प्रतवारी

मराठीत 'प्रत' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ग्रंथाची प्रत म्हणजे त्या ग्रंथाचे हाती धरता येणारे एक रूप. आणि उत्तम प्रतीचा तांदूळ म्हणजे गुणाने वरच्या पायरीवरचा तांदूळ. पहिल्या अर्थात वस्तूची ओळख आहे, दुसऱ्यात तिचे मोल आहे. जुन्या ग्रामोफोन तबकड्यांच्या खरेदीविक्रीत हे दोन्ही अर्थ एकमेकांत असे मिसळले आहेत की, आपण नेमके काय मोजतो आहोत याचे भान विकणाऱ्याला राहत नाही आणि घेणाऱ्यालाही राहत नाही. या व्यवहाराच्या भाषेची चिकित्सा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात बाजाराची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, विक्रेत्याची यादी हेही एक लेखनच आहे. तीत विशेषणे असतात, दावे असतात आणि सोयीस्करपणे गाळलेल्या गोष्टीही असतात. गौळीगुडा, सुलतान बाजार, काचीगुडा, इसामिया बाजार या भागांतील आपली जुनी घरे एकामागून एक पाडली जात आहेत. वाड्याच्या जागी सदनिका उभ्या राहतात आणि माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. पूर्वी त्या पेट्या जुमेरात बाजारात नगावर जात. आता घरी येऊन तबकडी उजेडात तिरपी धरून पाहणारे ग्राहक येतात. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्या ज्या तबकड्या आपल्या आजोबांनी जपल्या, त्यांचे भवितव्य अशा यादीतील दीड ओळीवर ठरत आहे. ती दीड ओळ वाचता येणे, ही म्हणून वाङ्मयीन गरजही आहे.

प्रथम या प्रतवारीचे स्वरूप पाहू. अमेरिकेत १९७४ साली सुरू झालेल्या 'गोल्डमाइन' या नियतकालिकाने रूढ केलेली पायरी आज जगभर सर्वाधिक चालते. मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर असा तिचा उतरता क्रम आहे. 'मिंट' हा शब्द नाण्यांच्या व्यवहारातून आला. टाकसाळीतून निघाले आणि कोणाच्या खिशात गेले नाही असे नाणे. सैफाबादची टाकसाळ ठाऊक असलेल्या हैदराबादकरांना त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. तबकडीच्या बाबतीत त्याला 'कोरी' हा आपला शब्द पुरेसा आहे. या पद्धतीत निअर मिंट तबकडीची किंमत शंभर धरली, तर व्हेरी गुड प्लसची पन्नास, व्हेरी गुडची पंचवीस आणि गुडची दहा ते पंधरा धरतात. म्हणजे ज्या तबकडीला 'चांगली' म्हटले, तिची किंमत जवळजवळ गेलीच! शब्दांची ही घसरण आमच्या समीक्षेलाही अपरिचित नाही. कवितासंग्रहाला 'आश्वासक' म्हटले की जाणता वाचक तो संग्रह खाली ठेवतो.

इंग्लंडमधील 'रेकॉर्ड कलेक्टर' मासिकाची पायरी थोडी वेगळी आहे. तीत 'एक्सलंट' आहे, जे गोल्डमाइनमध्ये नाही. या दोहोंच्याही आधी, १९५३ साली सुरू झालेल्या 'व्हिंटेज जॅझ मार्ट' या इंग्रजी पत्राच्या नावाने ओळखली जाणारी, मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकड्यांसाठीची एक पद्धत आहे. एन, ई, व्ही, जी, एफ, पी ही तिची अक्षरे, आणि मधल्या अक्षरांना अधिक-उणे ही चिन्हे. या पद्धतीत 'व्ही' म्हणजे सर्वत्र सारखी, मध्यम झीज झालेली, खरखर ऐकू येणारी परंतु गाण्याच्या आड न येणारी तबकडी. 'सारखी झीज' हा शब्दप्रयोग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. तिथे वापर हा दोष मानलेला नाही. तो गृहीत धरून त्याचे मोजमाप केले आहे.

या प्रतवारीचे श्रेय तिला द्यावयास हवे. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन माणसांमधील तो करार आहे. विकणारा हैदराबादेत आणि घेणारा टोरांटोत असला, तरी एका अक्षरावर पैसा पाठविला जातो. त्या अक्षरामागे नियम आहेत: ओरखडा नखाला लागतो की केवळ डोळ्याला दिसतो, तबकडी वाकलेली आहे काय, कडेचा टवका खोबणीपर्यंत पोचला आहे काय, लेबलावर कोणी शाईने नाव घातले आहे काय. चांगला विक्रेता प्रत्येक विशेषणामागे एक दिसणारी खूण ठेवतो. मराठी ग्रंथपरीक्षणाने ही शिस्त उचलावी, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते. 'भाषा ओघवती आहे' असे लिहिणाऱ्याने ओघ कोणत्या पानावर आहे तेही दाखवावे.

परंतु हीच शिस्त आपल्याकडे येताना अर्धी वाटेत सांडते. पहिली चूक साहित्याच्या, म्हणजे घडणीच्या द्रव्याच्या अज्ञानातून होते. लाँग प्ले तबकडी व्हिनिल या प्लास्टिकची असते. तिच्या आधीची, आपल्या आजोबांच्या काळातील तबकडी लाखेची. छोटा नागपूरच्या रानांतील लाखेपासून केलेला चपडा, त्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी, असे ते मिश्रण. कलकत्त्यात १९०८ साली सियालदह येथे आणि १९२८ साली डमडम येथे कारखाने निघाले; त्याआधी आपली गाणी जर्मनीत हॅनोव्हरला दाबली जाऊन परत येत. आपल्याकडे या लाखेच्या तबकड्या १९७० च्या सुमारापर्यंत निघत होत्या.

त्या मिश्रणातील भुकटी काही स्वस्ताईसाठी घातलेली भर नव्हती. पोलादी सुई खोबणीत टेकली की ती भुकटी काही क्षणांत सुईला घासून खोबणीच्या आकाराची करी. म्हणून एका बाजूला एक सुई, असा नियम होता आणि सुयांच्या छोट्या डब्या घरोघर असत. साऊंड बॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या आसपास. आजच्या सुईचा दोन-तीन ग्रॅम. असे यंत्र पन्नास वेळा फिरल्यावर तबकडीची खोबण करडी दिसू लागणारच. व्हिनिलचा निकष घेऊन अशा तबकडीला 'गुड' हा शिक्का मारणे, म्हणजे पोथीच्या हातकागदाला आर्ट पेपरच्या चकाकीने मोजण्यासारखे आहे.

ही झीजही सर्व ठिकाणी एकसारखी नसते. जिथे आवाज मोठा, तिथे खोबणीची वळणे रुंद आणि तिथेच सुईचा घाव अधिक. तार षड्जावर चढलेली तान, हार्मोनियमचा भरणा, गाण्याचा शेवट या जागा आधी झिजतात. त्यामुळे दीनानाथरावांच्या तबकडीवर त्यांच्या सर्वांत तेजस्वी जागाच सर्वांत करड्या दिसतात. उजेडात तिरपी धरून दिलेली प्रत आणि वाजवून दिलेली प्रत यांत म्हणूनच पुष्कळ अंतर पडते. कोणत्या रीतीने प्रत ठरविली, हे ज्या यादीत लिहिलेले नाही, ती यादी अपुरी समजावी.

दुसरी चूक 'दुर्मिळ' या शब्दाची आहे. आमच्या हाती आलेल्या एका विक्रेत्याच्या यादीत हा शब्द जवळजवळ प्रत्येक नोंदीला लावलेला होता. त्यात १९७५ सालच्या 'शोले'च्या संवादांची तबकडीही दुर्मिळ होती! जी तबकडी त्या काळी चौकाचौकांत वाजली, गणेशोत्सवाच्या मांडवांत वाजली, ती दुर्मिळ असेल तर मुबलक कशाला म्हणावे? दुर्मिळता ही वस्तूच्या अंगावर दिसणारी गोष्ट नाही. किती प्रती निघाल्या, किती उरल्या आणि किती जणांना हव्या आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे माहीत असलेल्यालाच तो शब्द वापरण्याचा अधिकार आहे. शिवाय लोकप्रिय तबकड्या वर्षानुवर्षे पुन्हा दाबल्या जात. क्रमांक तोच, लेबलाचा रंग आणि छपाई मात्र बदललेली. पहिली आवृत्ती आणि नववे पुनर्मुद्रण यांत भेद न करणारा ग्रंथविक्रेता आपण अडाणी ठरवू. तबकड्यांच्या बाबतीत तो भेद लेबलावर आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर दाबलेल्या अक्षर-अंकांवर वाचता येतो. आमच्या पाहण्यातील याद्यांत ते अंक क्वचितच दिले जातात.

तिसरी चूक आम्हां मराठी माणसांना अधिक झोंबणारी आहे. त्याच यादीत एक नोंद अशी होती: मराठी नाट्यगीते, मिश्र, अकरा नग, गुड ते व्हेरी गुड. कोणाची, कोणत्या नाटकातील, कोणत्या कंपनीची, काही नाही. हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांना प्रत्येकी एक ओळ आणि मराठीच्या अकरांना मिळून एक. लेबलावरील रोमन नावे वाचणाऱ्याला भाषा येत नसली की असे होते. भाषा येत असलेल्यांचेही ज्ञान कधी कधी तोकडे पडते. जोहराबाई म्हटले की आग्रेवाली आणि अंबालेवाली यांची गल्लत होते. पहिली १९१३ साली निवर्तलेली, ख्यालगायकीतील मोठी गायिका. दुसरी चाळीसच्या दशकातील चित्रपटगीतांची पार्श्वगायिका. दोघींच्या तबकड्यांत एका पिढीचे अंतर आहे. प्रत अचूक आणि गायिका चुकीची, अशा नोंदीला काय म्हणावे?

या संदर्भात एक जुनी रीत आठवते. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आले आणि गौहर जान यांचे गाणे त्यांनी मुद्रित केले. गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव सांगे. दूर हॅनोव्हरच्या कारागिरांना तबकडी कोणाची ते ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू सांगतात. गाणाऱ्याने आपली ओळख तबकडीतच कोरून ठेवण्याची दक्षता घेतली, आणि शंभरांहून अधिक वर्षांनी आपण त्या तबकडीला 'मिश्र' म्हणून विकतो!

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. प्रतवारी तबकडीच्या देहाची आहे. गाण्याच्या मोलाशी तिचा संबंध किती? आम्ही आयुष्याची उमेदीची वर्षे सरकारी कार्यालयांत काढली, प्रथम आंध्र प्रदेशच्या आणि २०१४ नंतर तेलंगणाच्या. तिथेही रेकॉर्ड असे आणि त्याचीही प्रतवारी असे. निकाली कागदावर आर. डिस. असा शेरा पडला की तो कायम जपावयाचा, डी. डिस. असेल तर दहा वर्षांनी नष्ट करावयाचा, एल. डिस. असेल तर एका वर्षाने. या शेऱ्याचा कागदाच्या अवस्थेशी काडीचाही संबंध नसे. वाळवी लागलेली, कडा तुटलेली, मोडीतील किंवा फारसीतील जमिनीची संचिका आर. डिस. असे, आणि पांढऱ्याशुभ्र कागदावरील रजेचा अर्ज एल. डिस. कागद काय सांगतो, यावर त्याचे आयुष्य ठरे. ग्रामोफोनच्या रेकॉर्डला मात्र आपण नेमका उलटा नियम लावला आहे.

संगीताच्या इतिहासातील दोन नावे घेऊ. भास्करबुवा बखले आणि रहिमत खाँ हे दोघेही १९२२ साली निवर्तले. भास्करबुवांनी १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या, बालगंधर्वांसारखे शिष्य घडविले. पण त्यांचा स्वतःचा आवाज आज उपलब्ध नाही. रहिमत खाँ यांच्या मोजक्याच तबकड्या आहेत, त्याही उतारवयातील. भास्करबुवांविषयी जे काही आहे ते आठवणींत आणि वर्णनांत आहे, आणि वर्णनाशी वाद घालता येत नाही. रहिमत खाँ यांच्याविषयीचे वर्णन मात्र तबकडी लावून पडताळता येते. भाऊराव कोल्हटकर तर १९०१ सालीच गेले. गाइसबर्ग आले त्याच्या एकच वर्ष आधी. समजा, उद्या कोठे भास्करबुवांची तडा गेलेली, दर फेऱ्याला टक-टक करणारी एखादी तबकडी निघाली. गोल्डमाइनच्या पायरीवर तिची प्रत 'पुअर' ठरेल, आणि त्या पायरीच्या नियमाने ते बरोबरही असेल. त्या अक्षराच्या बाहेर जे उरते, ते तबकडीचे खरे मोल.

याचेच दुसरे उदाहरण आकाशातले आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे; तीत केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. निवड झाली तेव्हा ती मूळ तबकडी बाजारात मिळत नव्हती. शोधता शोधता न्यू यॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. बाजाराने टेबलाखाली टाकलेली वस्तू मानवजातीच्या वतीने ताऱ्यांकडे गेली. तिथे प्रश्न प्रत कोणती हा नव्हता, प्रत आहे काय हा होता.

मग झिजलेल्या प्रतींचे करावयाचे काय? याचे उत्तर आपल्या परंपरेत चार शतकांपूर्वीच दिलेले आहे, आणि तेही पूर्वीच्या निजामी मुलखातील पैठणात. शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रतिशुद्धी केली. पाठभेदांनी बिघडलेल्या प्रती त्यांनी एकमेकींशी ताडून पाहिल्या. एका प्रतीत जिथे पाठ भ्रष्ट होता, तिथे दुसरी शुद्ध असे. ध्वनिमुद्रिकांचे जीर्णोद्धार करणारे जाणकार आज हेच करतात. एका प्रतीची सुरुवात खराब, दुसरीचा शेवट, तिसरीला मध्ये तडा. तिन्हींतील निर्दोष भाग जोडून एक सलग गाणे उभे करतात. ज्या तबकडीला यादीने दहा टक्के किंमत दिली, तिच्यातील वीस सेकंद कदाचित अन्यत्र कोठेही शुद्ध उरलेले नसतील. एकाकी प्रतीची प्रतवारी करता येते. तिची गरज मात्र इतर प्रती शेजारी ठेवल्यावरच कळते.

संग्राहक यावर म्हणतील की बाजार नसता तर हे सारे भंगारात गेले असते. ते खरे आहे, आणि भंगाराची गोष्ट अलंकारिक नाही. १९४२ साली युद्धामुळे लाखेची टंचाई झाली तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून वितळविण्यात आल्या. किंमत आली की वस्तू जपली जाते. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या संस्थेने संग्रहाला अभ्यासाची जोड दिली. मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची १९९४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आमचा आक्षेप विक्रीवर नाहीच. ओळख न लिहिता केलेल्या विक्रीवर आहे. तबकडी परगावी गेली तरी गाणे नष्ट होत नाही. पण ती कोणती होती, कोणाच्या घरी होती, हे न नोंदता गेली, तर आपल्या समाजाच्या श्रवणाचा इतिहास पुसला जातो. काचीगुड्याच्या घरात कोण काय ऐकत असे, याचा दुसरा पुरावा आपल्यापाशी नाही.

म्हणून आपल्या वाचक-कुटुंबांना काही सूचना. विकण्यापूर्वी यादी आपण करावी आणि देवनागरीत करावी. कंपनी, क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, गायक, आणि लेबलाभोवती दाबलेले अंक, एवढे तरी लिहावे. पाकिटावर हैदराबाद-सिकंदराबादच्या जुन्या दुकानाचा शिक्का असेल तर तोही नोंदवावा. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये, कारण त्यात लाख विरघळते. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात, आणि मे महिन्याच्या उन्हापासून दूर ठेवाव्यात. वाजवून ध्वनी उतरवून घ्यावयाचा असल्यास सुई त्याच तबकडीसाठी केलेली हवी. जुनी खोबण लाँग प्लेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. गतीही तपासावी. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ च्या गतीने मुद्रित झालेल्या असतीलच असे नाही, आणि गती चुकली की पांढरी दोनचा गायक काळी दोनचा होऊन बसतो. कोणत्याही प्रतवारीत या दोषाला अक्षर नाही.

गीतरामायणाच्या लाँग प्ले संचासारखे संच वाटणीत फोडू नयेत. थोरल्याकडे अर्धे रामायण आणि धाकट्याकडे अर्धे, अशी स्थिती आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिली आहे. दोन्ही भावांकडील तबकड्या निअर मिंट होत्या. ऐकल्या गेल्या नव्हत्या, म्हणून!

या शेवटच्या गोष्टीत प्रतवारीवरील आमचा सारा आक्षेप सामावलेला आहे. बाजाराला कोरी तबकडी हवी असते, आणि कोरी तबकडी म्हणजे बहुधा कोणी न ऐकलेली तबकडी. भावी अभ्यासकाला तिचा उपयोग अधिक, हे आम्ही मान्य करतो. स्वच्छ पुरावा केव्हाही बरा. परंतु ज्या घरात खोबण करडी झाली, त्या घरात गाणे होते, एवढे तरी यादीत कोठे नोंदले जावे. त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल आणि तो विक्रेता वाढविणार नाही. आपल्या परिषदेच्या ग्रंथालयात एक साधी वही त्यासाठी ठेवावी, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. घरोघरच्या याद्यांची एकेक प्रत तीत लागावी. तिथे 'प्रत' हा शब्द आम्ही पहिल्या अर्थाने वापरतो आहोत.